चॅनलमागे ३ मिलिवॉट: वेळ मोजणाऱ्या एका चिपचं प्रकरण

मागणी पेट स्कॅनरच्या डिटेक्टरसाठीची, अर्ध्या पानात बसलेली. गॅमा किरण आदळला की प्रकाश देणाऱ्या एलवायएसओ स्फटिकाच्या ३ मिलिमीटर जाडीच्या कांड्या, आठ बाय आठ रचलेल्या. त्यांच्या पाठीला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरची, म्हणजे तो प्रकाश टिपून विजेची पल्स देणाऱ्या सेन्सरची, तेवढीच जाळी. आणि त्यामागे अशी चिप, जी ६४ पैकी प्रत्येक चॅनलवर गॅमा कधी आदळला हे स्वतंत्रपणे सांगेल. एका चिपमध्ये १६ चॅनल, म्हणजे एका ठोकळ्यामागे चार चिप्स. पुण्यात पाषाणच्या बाजूला काम करणाऱ्या एका छोट्या गटाने हे काम अंगावर घेतलं. गटाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत, आकडेमोड मात्र तशीच ठेवली आहे. त्यांच्या आढावा बैठकांना मी बाहेरचा माणूस म्हणून बसत असे.

वेळ मोजायची कशाला, हे आधी सांगतो. पेट स्कॅनमध्ये पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटून विरला की ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा पाठीला पाठ लावून निघतात. समोरासमोरच्या दोन डिटेक्टरांवर ते पोचण्याच्या वेळांतला फरक कळला, तर मधल्या रेषेवर ते कुठून निघाले याचा अंदाज बांधता येतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो आणि फरकाच्या निम्मंच अंतर धरायचं असतं. त्यामुळे ४०० पिकोसेकंदांची (हजार पिकोसेकंद म्हणजे एक नॅनोसेकंद) अनिश्चितता म्हणजे ६ सेंटिमीटरचा धूसरपणा. गटाने स्वतःसाठी हीच ४०० ची मर्यादा आखली. ती माफकच म्हणायची, कारण सीमेन्सचं बायोग्राफ व्हिजन हे रुग्णालयातलं यंत्र २१४ पर्यंत जातं.

खरी अट उष्णतेची होती. ठोकळ्याची बाजू साधारण २६ मिलिमीटर आणि चिप्सचा बोर्ड त्याला जवळजवळ चिकटलेला. डबा प्रकाशबंद, म्हणून हवेलाही फारशी वाट नाही. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर तापमानाला फार हळवा असतो. दर अंशाला त्याचा ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्याच्या वर तो काम करू लागतो तो, काही दहा मिलिव्होल्टने सरकतो, आणि ८-१० अंश वाढले की अंधारातही स्वतःहून उडणाऱ्या खोट्या पल्सेस, म्हणजे डार्क काउंट, साधारण दुप्पट होतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान काय असतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून चॅनलमागे एकूण ८ मिलिवॉट ठरले. त्यातले ५ पुढच्या अँप्लिफायरला आणि पल्सने ठरलेली पातळी, म्हणजे थ्रेशोल्ड, ओलांडली की ‘हिट’ कळवणाऱ्या डिस्क्रिमिनेटरला गेले, वेळ मोजण्याला उरले ३. हे अशक्य नव्हतं. टॉफपेट-२ ही ६४ चॅनलची चिप साधारण ८ मिलिवॉटमध्येच सगळं करते. पण ती ११० नॅनोमीटरमधली. इथे हाताशी होतं ते मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीचं १८० नॅनोमीटर तंत्र, १.८ व्होल्टवर चालणारं.

पहिला आराखडा

पहिल्या आराखड्यात डीएलएल होता. डीएलएल म्हणजे विलंब-घटकांची साखळी. क्लॉकचा, म्हणजे चिपमधल्या ठरावीक वेगाच्या ठोक्यांचा, एक पूर्ण कालखंड तिच्यात नेमका मावेल असा तिचा वेग आपोआप जुळवला जातो. क्लॉक १६० मेगाहर्ट्झचा, कालखंड ६.२५ नॅनोसेकंदांचा, टप्पे ६४, म्हणजे एक टप्पा ९८ पिकोसेकंदांच्या आसपास. हिट आली की त्या क्षणी क्लॉकची कडा कुठल्या टप्प्यावर होती ते टिपायचं. पद्धत भरवशाची आहे. सर्नची २५० नॅनोमीटरमधली एचपीटीडीसी ही चिप याच तत्त्वावर कितीतरी प्रयोगांत चालली. मागणीपत्रात मात्र २५ पिकोसेकंदांचा बिन, म्हणजे मोजणीचा सर्वांत लहान कप्पा, लिहिलेला होता. १८० नॅनोमीटरमध्ये एका साध्या घटकाचा विलंबच ७०-८० पिकोसेकंद असतो, त्यामुळे तितकं बारीक जायचं तर दोन टप्प्यांच्या मध्ये रोधकांनी आणखी कडा तयार कराव्या लागतात. एचपीटीडीसीही त्यातून सुटलेली नाही. ९८ च्या बिनवर तिचे ३२ चॅनल मिळतात, आणि २५ वर उतरलं की चार-चार चॅनल एकत्र बांधून हाती ८ उरतात.

आता विजेचा हिशोब. साखळीच्या प्रत्येक टप्प्याची तार सोळाही चॅनलपर्यंत न्यावी लागते. तारेची आणि तिला लटकलेल्या, स्थिती टिपून ठेवणाऱ्या लॅचेसची मिळून धारिता ०.६ पिकोफॅरड धरू. ती १.८ व्होल्टने सेकंदाला १६ कोटी वेळा भरायची आणि रिकामी करायची, म्हणजे एका तारेला ०.३१ मिलिवॉट. अशा ६४ तारांना २० मिलिवॉट, आणि त्या ओढणाऱ्या बफर्सना जवळपास तेवढेच. चाळीसला सोळाने भागलं की चॅनलमागे २.५ मिलिवॉट होतात. हे ९८ पिकोसेकंदांसाठी. ४९ साठी तारा दुप्पट, म्हणजे ५ मिलिवॉट. २५ चं गणित फळ्यावर कुणी मांडलंच नाही.

या आकड्यांत मला खुपलं ते वेगळंच. हे २.५ मिलिवॉट हिट येवो न येवो, जळतच राहतात. स्फटिकावर सेकंदाला काही हजार गॅमा आले तरी दोन हिट्सच्या मध्ये चिप लाखो नॅनोसेकंद रिकामी बसलेली असते, आणि त्या रिकाम्या वेळेतही साखळीची प्रत्येक कडा प्रत्येक चॅनलच्या दारात जाऊन येते. कमी विजेची चिप करायची म्हटलं की बहुतेक जण मोजमाप कसं स्वस्त करायचं याच्या मागे लागतात. इथे मोजमाप स्वस्तच होतं, महाग होतं ते वाट पाहणं.

पंचवीसचा हट्ट

पण आराखडा बदलण्याआधी २५ पिकोसेकंद कुठून आले हे विचारणं भाग होतं. उत्तर अपेक्षेप्रमाणेच निघालं: दुसऱ्या कुठल्याशा चिपच्या माहितीपत्रकातून. मग फळ्यावर त्रुटींची वाटणी मांडली. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला हा सर्वांत कामाचा तास.

४०० ही निम्म्या उंचीवरची पूर्ण रुंदी, आणि तीही दोन चॅनलची मिळून. तिला २.३५५ ने आणि मग दोनच्या वर्गमुळाने भागलं की एका चॅनलच्या वाट्याला १२० पिकोसेकंदांचं प्रमाण विचलन येतं. त्यातलं स्फटिकातल्या प्रकाशकणांच्या नैसर्गिक विखुरण्याचं आणि सेन्सरचं मिळून ९० धरलं. अँप्लिफायरचा जिटर, म्हणजे सिग्नलमधल्या कुरबुरीला (नॉइजला) सिग्नलच्या चढाने भागून येणारा आकडा, ४० धरला. वर्गांची बेरीज करून मूळ काढलं तर ९८ होतात. आता यात बिनची भर घालायची. बिनमुळे येणारं विचलन म्हणजे बिनची रुंदी भागिले बाराचं वर्गमूळ. ९८ च्या बिनला ते २८, ४९ ला १४, २४ ला ७. हे मिसळून परत दोन चॅनलच्या पूर्ण रुंदीत आलं की अनुक्रमे ३४१, ३३१ आणि ३२९ पिकोसेकंद मिळतात.

म्हणजे ९८ वरून ४९ वर आलं की १० पिकोसेकंद सुधारतात. ४९ वरून आणखी निम्मं केलं की जेमतेम अडीच, अंतरात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, आणि तेही ५ सेंटिमीटरच्या धूसरपणात. एवढ्यासाठी वीज दुप्पट करायची नव्हती. मागणीपत्रातले २५ खोडून तिथे ५० लिहिले गेले.

मग ९८ वरच डीएलएल का ठेवला नाही, असं कुणी विचारेल. बैठकीत ते विचारलंही गेलं, आणि ३४१ हा आकडाही मर्यादेच्या आतच होता. अडचण अशी की २.५ मिलिवॉट गेल्यावर काउंटर, मेमरी आणि डेटा बाहेर काढणारं लॉजिक या सगळ्यांना अर्धा मिलिवॉट उरतो. शिवाय ६४ तारांची लांबी सोळाही चॅनलला सारखी ठेवणं हे लेआउट करणाऱ्याच्या जिवावर येणारं काम. डीएलएलची एक बाजू मात्र मांडायलाच हवी. त्याच्या कडा कालखंडभर विखुरलेल्या असतात, त्यामुळे पुरवठ्यावर एकदम झटका बसत नाही. हे पुढे आठवावं लागलं.

भरणं आणि रिकामं करणं

निवड झाली ती दुहेरी उताराच्या पद्धतीची. टॉफपेट घराण्यातल्या चिप्सही याच वाटेने जातात. मोठ्या नळाने बादली भरावी आणि बारीक नळाने रिकामी करत किती वेळ लागला ते मोजावं, तसं हे. हिट आल्यापासून क्लॉकच्या ठरावीक कडेपर्यंत १.२५ पिकोफॅरडचा कपॅसिटर १०० मायक्रोअँपिअरने भरायचा. मग त्याच्या १२८ पट लहान प्रवाहाने तो रिकामा करायचा आणि त्या वेळात क्लॉकचे ठोके मोजायचे. ६.२५ नॅनोसेकंद भागिले १२८, म्हणजे ४९ पिकोसेकंदांचा बिन, तोही साध्या १६० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर. एका पिकोसेकंदाला कपॅसिटरवर ८० मायक्रोव्होल्ट चढतात. कपॅसिटरची स्वतःची उष्णताजन्य कुरबूर ५८ मायक्रोव्होल्टच्या आसपास, म्हणजे एक पिकोसेकंदही नाही. दोन्ही उतार एकाच कपॅसिटरवर आणि एकाच मूळ प्रवाहावरून होत असल्यामुळे कपॅसिटरची किंमत थोडी इकडेतिकडे झाली तरी गुणोत्तर टिकतं. तापमान बदलतं तेव्हा हा गुण फार उपयोगी पडतो.

कुठल्या कडेपर्यंत भरायचं, यात मेख आहे. हिट क्लॉकला न विचारता येते. ती नेमकी कडेवर आली तर तिला कडेला टिपणारा फ्लिपफ्लॉप क्षणभर अधांतरी राहतो, आणि कपॅसिटरची सूक्ष्म मोजणी एक ठोका सांगते तर पूर्ण ठोके मोजणाऱ्या काउंटरची ठोकळ मोजणी दुसरा. मग हिट थेट ६.२५ नॅनोसेकंदांनी चुकते. त्यावर उपाय म्हणून हिट दोन फ्लिपफ्लॉपमधून नेली आणि पहिल्या नव्हे तर दुसऱ्या कडेवर भरणं थांबवलं. कपॅसिटर त्यामुळे एक ते दोन कालखंड भरतो. ठोकळ काउंटरही त्याच जुळवलेल्या सिग्नलने टिपला जातो, म्हणून दोघांचं भांडण होऊच शकत नाही. काउंटर ग्रे कोडमध्ये ठेवला. त्यात दर ठोक्याला एकच तार बदलते, साध्या द्विमानात सरासरी दोन. चुकीचं वाचन टळतं आणि तारांची वीजही निम्मी होते. सोळा चॅनलना मिळून ०.१६ मिलिवॉट, म्हणजे जवळपास फुकट.

वाट पाहण्याचा खर्च इथेही शून्य नाही. १०० मायक्रोअँपिअरचा प्रवाह काही नॅनोसेकंदांत अचूक सुरू करता येत नाही. म्हणून तो कायम चालू ठेवून एरवी दुसऱ्या फांदीत सोडून द्यावा लागतो, त्याचे ०.१८ मिलिवॉट. क्लॉकची एक फांदी ०.२६. कपॅसिटर रिकामा झाला का हे पाहणारा तुलनाकारक हिट आल्यावरच जागा होतो. इकडचं तिकडचं धरून चॅनलमागे एका मिलिवॉटच्या आत काम बसलं.

किंमत मोजावी लागली ती वेळेत. कपॅसिटर रिकामा व्हायला ०.८ ते १.६ मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ तो अडकून पडतो. म्हणून प्रत्येक चॅनलला चार कपॅसिटर दिले, एक मोजला जात असताना दुसरा हिट घेईल असे. पण रांगेत थांबलेला कपॅसिटर गळतो. ५ मायक्रोसेकंद थांबला आणि गळती एक नॅनोअँपिअर असली तर ४ मिलिव्होल्ट उतरतात, म्हणजे नेमका एक बिन. साध्या खोलीत गळती याच्या बरीच खाली असते, पण तीही तापमानाबरोबर दुप्पट-चौपट होत जाते. स्विचेसचा आकार त्यामुळे वेगापेक्षा गळती पाहून ठरला.

‘हिट क्वचित येते’ हे गृहीत

या सगळ्या इमारतीचा पाया एकच होता: हिट क्वचित येते. आणि तोच कच्चा होता. वेळ नेमकी हवी तर थ्रेशोल्ड अगदी खाली, पहिल्या एक-दोन प्रकाशकणांवर ठेवावा लागतो. ३ बाय ३ मिलिमीटरच्या सेन्सरला खोलीच्या तापमानात एका प्रकाशकणाच्या पातळीवर सेकंदाला काही लाख डार्क काउंट सहज असतात. ९ लाख धरा. प्रत्येकाला सव्वा मायक्रोसेकंद दिला तर सेकंदाला एक सेकंदाहून जास्त वेळ लागतो. चॅनल कायमचा गुंतलेला, आणि खरा गॅमा दाराबाहेर.

त्यावर दुसरा, वरचा थ्रेशोल्ड आणला. खालच्याने भरणं सुरू होतं. खऱ्या गॅमाची पल्स काही नॅनोसेकंदांत वरचाही ओलांडते. २० नॅनोसेकंदांत तसं झालं नाही तर कपॅसिटर लगेच शून्यावर आणायचा आणि पुढचं काही करायचं नाही. साफ व्हायला धरून ५० नॅनोसेकंद गेले तरी ९ लाखांना साडेचार टक्के वेळ वाया जातो. खालचा थ्रेशोल्ड अडीच प्रकाशकणांवर नेला की तोही बराच घटतो, कारण तिथवर पोचायला एका खोट्या पल्सने सेन्सरमधल्या शेजारच्या सूक्ष्म पेशी उडवाव्या लागतात. कल्पना जगाला नवी नाही. पण पहिल्या आराखड्यात ती नव्हती, कारण डीएलएलला डार्क काउंटची फिकीर नसते, तो तसाही सतत जळत असतो. वीज वाचवायला वाट बदलली की असे जुने, झोपलेले प्रश्न जागे होतात.

फुगवटा

चिप बनून आली, चालू झाली, वीज अंदाजाप्रमाणे निघाली. मग बिन मोजायला घेतले. रीत सोपी असते. क्लॉकशी काडीचा संबंध नसलेल्या हिट्स भरपूर द्यायच्या. ज्या बिनमध्ये जास्त पडतील तो बिन रुंद. एलवायएसओमध्ये ल्युटेशियम-१७६ असल्याने स्फटिक स्वतःच थोडा किरणोत्सारी असतो, म्हणून फुकटच्या हिट्स घरातच मिळतात. पण ३ बाय ३ बाय २० मिलिमीटरच्या कांडीतून सेकंदाला जेमतेम ५० येतात. एका बिनची रुंदी एक टक्क्यापर्यंत कळायला त्यात १० हजार हिट्स हव्यात. बिन १२८, कपॅसिटर चार, म्हणजे ५१ लाख हिट्स आणि २८ तास. तेवढ्या वेळात खोली दोनदा तापते आणि दोनदा निवते. मध्ये गुरुवार आला तर देखभालीसाठी वीज जाते ती वेगळीच. म्हणून पल्सर वापरायचं ठरलं. तो चिप चालवणाऱ्या एफपीजीए बोर्डाच्याच क्लॉकवरून काढला तर हिट्स मोजक्या बिन्समध्येच साचतात, त्यासाठी तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, वेगळा ऑसिलेटर आणला. काही शे रुपयांची ती वस्तू या कामात महागड्या उपकरणांइतकीच उपयोगी ठरली.

आलेख आला तो एका ठिकाणी फुगलेला. क्लॉकच्या कडेजवळच्या सात-आठ बिन्समध्ये हिट्स जास्त, त्यांच्यानंतरच्यांमध्ये कमी. मोजणी करणारी मुलगी म्हणाली, "सर, सगळ्या चॅनलना हेच दिसतंय. दुरुस्तीच्या टेबलात घालून टाकू का?"

"थांब जरा. पल्सचा चढ बदल आणि परत घे. मग बोलू."

पल्स तिखट केली तर फुगवटा जवळजवळ गेला. सावकाश चढणारी दिली तर आणखी फुगला. प्रकरणातला निर्णायक पुरावा हाच. बिनची रुंदी कपॅसिटर आणि प्रवाहावर ठरते, पल्स किती उभी चढली हे त्यांना कळायचं काही कारण नाही. फुगवटा चढाबरोबर बदलतो याचा अर्थ बिन निर्दोष आहेत आणि हिट्सच जागेवरून हलल्या आहेत. क्लॉकच्या कडेला थ्रेशोल्डला काही मिलिव्होल्टचा धक्का बसतो, आणि हळू चढणारी पल्स त्या धक्क्यात आधीच ओलांडून जाते. हे टेबलात घातलं असतं तर नेहमीच्या रुंदीचे बिन रुंद समजले गेले असते. आणि बिनच्या जागा बेरजेने काढतात, म्हणून पुढचे सगळे सरकले असते. आलेख सपाट दिसला असता आणि मोजमाप बिघडलं असतं. टेबल करायचं ते तिखट पल्सवर, असं तिथे ठरलं.

धक्का कुठून येतो ते शोधायला बाकीच्या १५ चॅनलचे क्लॉक एकेक करून बंद केले. फुगवटा पायरीपायरीने उतरत गेला. म्हणजे एका चॅनलचा दोष नव्हता. सोळा फांद्या एकाच क्षणी उडत होत्या आणि त्यांचा ग्राउंड परतीच्या वाटेवर डिस्क्रिमिनेटरच्या ग्राउंडला भेटत होता. डीएलएलच्या विखुरलेल्या कडांची आठवण इथे झाली. चॅनलमागे दीड मिलिवॉटहून जास्त वाचले, पण उरलेली सगळी हालचाल एका ठोक्यावर गोळा झाली. बोर्डवर कपॅसिटर वाढवून थोडाच फरक पडला, कारण अडथळा चिपला बोर्डाशी जोडणाऱ्या बारीक बाँड वायरच्या इंडक्टन्सचा होता, आणि बाहेरचा कपॅसिटर तिच्या पलीकडे बसतो.

दुसऱ्या फेरीच्या लेआउटमध्ये क्लॉकच्या फांद्या कपॅसिटरांच्या पलीकडच्या बाजूला हलवल्या आहेत. त्यांच्या ड्रायव्हर्सच्या कडा मुद्दाम मंद केल्या आहेत. चार-चार चॅनलच्या फांद्या थोड्या थोड्या अंतराने उडतील असे विलंब घातले आहेत. चॅनलगणिक तो विलंब स्थिर असल्याने टेबलातून वजा करता येतो. डिस्क्रिमिनेटरच्या खालच्या सब्स्ट्रेटला, म्हणजे सिलिकॉनच्या पायाला, स्वतंत्र ग्राउंड हवा यावरही एकमत आहे. फक्त त्यासाठी एक पॅड, म्हणजे चिपवरची जोडणीची जागा, कमी पडतो. तो मिळवायचा तर टेस्ट आउटपुट काढावं लागेल, आणि फुगवटा ज्या आउटपुटवर पकडला तेच सोडायला ती मुलगी अजून तयार नाही.